धुरातले तेल

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आता गीझरच्या पाण्याने होते. पण ज्यांच्या लहानपणी कोकणातल्या न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा तापत असे, त्यांना एक गोष्ट खात्रीने आठवेल. लाकूड पेट घेण्याआधी पिवळट, दाट धूर सोडी आणि आई ओरडे, "अरे, फुंकणी घे, नुसते धुमसते आहे!" छपराच्या वाशांवर त्या धुराचा काळा चिकट थर साचलेला असे. त्या थराचा सख्खा भाऊ आज इंधन म्हणून मिरवतो आहे, हे सांगितले तर नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

लाकूड जळते म्हणजे काय होते? आधी उष्णतेने त्यातून वाफा निघतात आणि मग त्या हवेत पेटतात. हवाच मिळू दिली नाही तर? बंद भांड्यात कोरडा भुसा सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत झटकन तापवायचा आणि निघालेल्या वाफा एकदोन सेकंदांत थंड करायच्या. हाती येतो धुराच्या उग्र वासाचा तपकिरी रस. चांगल्या भट्टीत 100 किलो भुशातून 60 ते 70 किलो रस मिळतो. उरतात कोळशाची पूड आणि जळाऊ वायू. वायू पुन्हा भट्टीच तापवतो.

हा रस म्हणजे डिझेल मात्र नव्हे. त्यात साधारण चौथा हिस्सा पाणी असते. तो आंबट इतका, की साध्या लोखंडाला खातो, आणि साठवला तर दाट होत जातो. वजनास वजन धरले तर उष्णता डिझेलच्या 40 टक्के. तेव्हा मोटारीत नव्हे, बॉयलरखाली त्याची जागा.

विद्याही जुनीच. म्हैसूर संस्थानाच्या भद्रावती येथे 1923 साली सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्यात लाकडाचे असे ऊर्ध्वपातन होई. कोळसा लोखंडाच्या भट्टीला जाई. धुरातून स्पिरिट आणि डांबर काढून घेत. आपल्या पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी तो कारखाना सावरला.

आता रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी भट्टी उभी राहिली, असे क्षणभर धरू. टाकाऊतून तेल काढणे कोकणाला नवे नाही. काजूच्या टरफलातले तेल तापवून काढतात; ते रंगांत आणि मोटारींच्या ब्रेकमध्ये जाते. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटे पोळतात तीही त्यानेच. मात्र टरफलात तेल आधीच असते. लाकडात ते उष्णतेने घडवावे लागते.

रोज एक टन कोरडा भुसा घातला, तर सुमारे 650 किलो रस, म्हणजे 260 किलो डिझेलएवढी उष्णता. हिशेब गोड आहे! पण हा टन रोज आणायचा कोठून? सॉ मिलचा भुसा, आंब्याच्या फुटक्या पेट्या, सुताराच्या ढलप्या. ओल्या लाकडात निम्मे पाणी, आणि कोकणात चार महिने पाऊस. भुसा संपला म्हणून कर्ज काढून बांधलेली भट्टी कोणी विझवील काय? मग फांद्या येतील, आणि फांद्यांमागून डोंगरावरचे ऐन-किंजळ.

म्हणून भट्टी बांधण्याआधी गावचा भुसा वर्षभर मोजावा आणि तेवढ्यापुरतीच ती बांधावी. पावसाळ्याचे सरपण वैशाखातच मोजून पडवीत रचणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.