सडा पाहायचा तर पावसात

‘सड्यावर आहे काय? काळा कातळ आणि वाळकं गवत. रीतसर पाहणी झाली, संकटग्रस्त असं काही आढळलं नाही. मग प्रकल्प अडवता कशाला?’ कोकणातल्या सड्यांबद्दलचा, म्हणजे जांभ्याच्या पठारांबद्दलचा, हा युक्तिवाद नुकताच पुन्हा वाचला. त्याला उत्तर देणं भाग आहे.

पाहणी कुठल्या महिन्यात केलीत, ते आधी सांगा. खाणींच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रमाण कार्यकक्षेतच हवा, पाणी, मातीबरोबर वनस्पती आणि प्राण्यांचीही एका ऋतूची नोंद मागितली आहे, तीही पावसाळा वगळून. धूळ मोजायला हे चालेल. पण सड्यावरचा बहुतेक जीव पावसावर जगतो. दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते. पुढे तिचा कंद तेवढा जमिनीत उरतो. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही कीटकभक्षी रोपं पाणथळ कातळावर पावसाळ्यात दिसतात. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर; ते एरवी मातीखाली असतं, पाऊस झाला की वर येतं. २००९ साली शास्त्रीय वर्णन झालेला आंबोलीचा टोड पहिल्या पावसानंतरच्या थोड्याच रात्री कातळावरच्या डबक्यांशी जमतो. मार्चमध्ये भर दिवसा फिरणाऱ्याला यातलं काय दिसणार? त्याच्या कोऱ्या रकान्यावरून सडा निर्जीव ठरवणं हे शास्त्र नव्हे, सोय आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असलं की ती सोय आणखी वाढते.

प्राणी दुसरीकडे जातील म्हणता. देवगांडूळ सुरुंगापुढे पळणार कुठे?

अहवाल तज्ज्ञांनी केला म्हणता. त्या तज्ज्ञांना नेमतो आणि मोबदला देतो तो प्रकल्पवालाच.

‘माणूस मोठा की बेडूक’ हा जुना वादही पुन्हा उकरलात. सड्यात मुरलेल्या पाण्यावर खालच्या वाड्यांतल्या विहिरी आणि झरे चालतात. गुरं तिथेच चरतात. सडा गेला की बेडकाबरोबर त्या वाड्यांतल्या माणसाचं पाणीही जातं. ही लढाई माणसाविरुद्ध बेडूक अशी कधी नव्हतीच.

आमचं म्हणणं एवढंच आहे. पाहणी वर्षभर व्हावी. त्यातही पहिल्या सरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला, रात्रीचीसुद्धा. सोबत त्याच सड्यावर गुरं राखणारी माणसं असावीत, कुठल्या डबक्यात काय येतं ते त्यांना ठाऊक असतं. मोबदला प्रकल्पवाल्याने सरकारकडे जमा करावा आणि अभ्यासक सरकारने नेमावेत. प्रत्येक नोंद तारीख-वेळेसह मराठीत, जनसुनावणीच्या आधी ग्रामपंचायतीत लावावी. तोवर त्या जागेच्या अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहू नये, ‘पावसात पाहिलेलं नाही’ असं लिहावं.