पंचवीस हजार रुपयांची शांतता

कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून इंडिया गेटकडे जाणारा नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर यांच्या इमारती याच रस्त्यावर आहेत. मराठी माणसाला हा रस्ता परिचित आहे तो २०१३ मध्ये सुरू झालेल्या नव्या महाराष्ट्र सदनामुळे. सकाळी नऊच्या सुमारास बाराखंबा रोड मेट्रो स्थानकातून बाहेर पडून या रस्त्याला लागणाऱ्या नोकरदारांकडे पाहिले, तर अनेकांच्या कानांत बिनतारी इअरबड्स दिसतात. त्यांतील बहुतेक स्वस्तातले असतात. काही मात्र पंचवीस हजार रुपयांचे असतात.

संगीत तर हजार-दीड हजाराच्या इअरबड्सवरही ऐकता येते. वरची रक्कम मोजली जाते ती मुख्यतः गोंगाट कमी करणाऱ्या तंत्रासाठी, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनसाठी. त्यामुळे या वर्गातील दोन प्रमुख जोड्यांची तुलना करताना एक प्रश्न आपोआप पुढे येतो: हे यंत्र नेमका कोणता गोंगाट विझवते, आणि कोणता विझवू शकत नाही?

नव्वद रुपयांचा फरक

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात दोन उत्पादने थोड्याच दिवसांच्या अंतराने भारतीय बाजारात जाहीर झाली. ॲपलच्या 'एअरपॉड्स प्रो'च्या दुसऱ्या पिढीची यूएसबी-सी आवृत्ती २४ हजार ९०० रुपयांना, तर सोनीचे 'डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५' हे मॉडेल २४ हजार ९९० रुपयांना. छापील किमतीत अवघ्या नव्वद रुपयांचा फरक. इतके जवळचे प्रतिस्पर्धी या बाजारात क्वचितच आढळतात, म्हणून तुलनेसाठी ही जोडी सोयीची आहे. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये तिसरी पिढी २५ हजार ९०० रुपयांना आणली. तिचा उल्लेख पुढे येईलच.

कागदावरील गुणांत सोनीचे पारडे काहीसे जड आहे. गोंगाट कमी करण्याची यंत्रणा चालू ठेवून सोनीची जोडी एका भरणीत आठ तास चालते, ॲपलची दुसरी पिढी सहा तास. डबीतील साठा धरला तर मात्र ॲपल तीस तासांपर्यंत जाते आणि सोनी चोवीस तासांवर थांबते. सोनीमध्ये एलडॅक या पद्धतीने, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत, अधिक तपशिलाचा ध्वनी पाठवता येतो. पण त्यासाठी हातात अँड्रॉइड फोन लागतो, कारण आयफोन ही पद्धत स्वीकारत नाही. उलट एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला जोडले, तर आवाज येतो, परंतु ज्यांसाठी पैसे मोजले त्या सोयींपैकी बऱ्याच सोयी निकामी होतात. वापरणाऱ्याजवळ फोन कोणता आहे यावरच निम्मा निर्णय होऊन जातो, आणि या बाबतीत दोन्ही कंपन्यांपैकी ॲपल अधिक दोषी आहे असे म्हणावे लागेल.

लाटेवर लाट

आवाजाने आवाज विझवण्याची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळाले. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी विमानातच या प्रश्नाची आकडेमोड सुरू केली. अमर बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीस आला. तेव्हा कानांवर झाकण्याच्या मोठ्या वाट्या लागत. आज तेच काम पाच-सहा ग्रॅम वजनाच्या बोंडात होते.

तत्त्व सोपे आहे. बाहेरचा मायक्रोफोन येणारी ध्वनिलहर टिपतो, आतील प्रक्रियक तिची बरोबर उलटी लहर तयार करतो, आणि दोन्ही लहरी कानाच्या पडद्याजवळ एकमेकींना छेद देतात. कानाच्या बाजूचा आणखी एक मायक्रोफोन काय शिल्लक राहिले ते तपासून दुरुस्ती करत राहतो. अडचण वेळेची आहे. विमानाचे इंजिन, वातानुकूलन यंत्राची घरघर, बोगद्यातून जाणारी मेट्रो हे आवाज सलग असतात आणि त्यांची कंपनसंख्या कमी असते. त्यांच्या लांब लहरींना उलटे करायला अवधी मिळतो. ढोबळमानाने सेकंदाला हजार कंपनांच्या वर मात्र लहरी इतक्या आखूड होतात की, उलटी लहर पोहोचेपर्यंत मूळ लहर पुढे निघून गेलेली असते. तेथे इलेक्ट्रॉनिक्स थांबते आणि कानात घट्ट बसलेली टिप उरलेले काम करते.

या टिपेकडे जाहिराती फारसे लक्ष देत नाहीत, पण दोन्ही जोड्यांतील खरा फरक येथेच आहे. सोनीने फेससदृश पॉलियुरेथेनची टिप दिली. ती बोटांनी दाबून कानात घातली की हळूहळू फुलून कर्णनलिकेचा आकार घेते. ॲपलच्या दुसऱ्या पिढीत साधी सिलिकॉनची टिप होती. ती दिवसभर वापरायला हलकी आणि पुसायला सोपी, परंतु वरच्या पट्टीतील आवाज अडवण्यात फेसापेक्षा उणी. तिसऱ्या पिढीत खुद्द ॲपलनेच फेस भरलेली टिप स्वीकारली. प्रतिस्पर्ध्याच्या निवडीला याहून स्पष्ट दाद देता आली नसती. अर्थात चुकीच्या मापाची टिप बसवली, तर यांपैकी कोणतीही जोडी आपली निम्मी किंमतसुद्धा वसूल करून देणार नाही.

भाषांतराच्या कामात याचा प्रत्यय रोज येतो. कानात ध्वनिमुद्रण चालू असते, खोलीतील वातानुकूलनाची घरघर पुसून गेलेली असते, आणि नेमके शेजारच्या टेबलावरील संभाषण अधिकच स्पष्ट ऐकू येते. यंत्र बिघडलेले नसते. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा वरच्या पट्टीत असते. पार्श्वभूमी नाहीशी झाल्यावर ती उलट उठून दिसतात.

हॉर्नपुढे हतबल

आता रस्त्यावर येऊ. दिल्लीच्या रस्त्यावरील गोंगाटाचे दोन थर आहेत. खालचा थर इंजिनांचा आणि चाकांचा. तो दोन्ही जोड्या चांगला दाबतात. वरचा थर हॉर्नचा. हॉर्न अचानक वाजतो, आणि त्याच्या आवाजाचा मोठा भाग मानवी कान ज्या पट्टीत सर्वांत संवेदनशील असतो त्याच पट्टीत असतो. म्हणजे विमानासाठी जन्मलेले हे तंत्र दिल्लीच्या, मुंबईच्या किंवा पुण्याच्या चौकातील मुख्य उपद्रवापुढे बरेचसे हतबल आहे.

येथे ॲपलच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. बाहेरचे आवाज मुद्दाम आत येऊ देण्याची 'ट्रान्सपरन्सी' ही सोय दोन्हींत आहे, परंतु ॲपलची अधिक नैसर्गिक वाटते. दुसऱ्या पिढीपासून ती कर्कश आवाज तेवढे खाली आणते आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवते. सेकंदाला ४८ हजार वेळा ही तपासणी होते, असा कंपनीचा दावा आहे. रस्ता ओलांडणाऱ्याला संपूर्ण शांततेपेक्षा ही सोय अधिक उपयोगाची आहे. हॉर्न ऐकू येणे हा जसा त्रास आहे, तसाच तो पादचाऱ्याचा बचावही आहे, आणि हे दुहेरी नाते कोणत्याही चिपला पूर्णपणे सोडवता आलेले नाही.

कायदा काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली लागू झाले. त्यांनुसार सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत व्यापारी भागात ६५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री प्रत्येकी दहा डेसिबल कमी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात गोंगाटापासून मुक्त जीवनाचा संबंध राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला. बोलण्याचा हक्क आहे म्हणून दुसऱ्यावर ऐकण्याची सक्ती करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी एक हजार आणि त्यानंतर दोन हजार रुपये दंड होऊ शकतो.

कायद्याचा आधार असा भक्कम असूनही अंमलबजावणीचा इतिहास, विशेषतः महाराष्ट्रातील, खडतर आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेसह अन्य याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले. एका वर्षाच्या आत, १० ऑगस्ट २०१७ रोजी, केंद्राने नियम बदलले. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटरचे क्षेत्र राज्य सरकारने स्वतंत्रपणे अधिसूचित केल्याखेरीज शांतता क्षेत्र ठरणार नाही, असा त्या बदलाचा अर्थ होता. उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ती स्थगिती रोखली. गणेशोत्सवाच्या ऐन दिवसांत झालेली ही ओढाताण अनेक वाचकांना आठवत असेल.

मुंबई पोलिसांचा जानेवारी २०२० मधील प्रयोग त्या मानाने मिस्कील होता. सिग्नलला डेसिबल मापक जोडले गेले, आणि लाल दिव्यावर थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की थांबण्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ लागली. जो अधिक वाजवील, तो अधिक थांबेल. चित्रफीत देशभर पाहिली गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये नाशिक येथे हॉर्नसाठी बासरी, तबला यांसारख्या भारतीय वाद्यांचे आवाज वापरण्याची कल्पना मांडली होती. तिने आवाजाचा प्रकार बदलेल, पातळी कशी उतरेल हे समजत नाही.

पन्नास डेसिबलचा पेच

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. ९० डेसिबलला मात्र ही मुभा चार तासांवर येते. बारा ते पस्तीस या वयोगटातील शंभर कोटींहून अधिक व्यक्तींच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे धोका असल्याचे संघटनेचे म्हणणे आहे. भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पत्रात तर अशा उपकरणांचा आवाज ५० डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि वापर दिवसाला दोन तासांपुरता ठेवावा, असा सल्ला दिला.

सल्ला हितकारक आहे. पण व्यापारी रस्त्यावर नियमानेच ६५ डेसिबलची मुभा असताना ५० डेसिबलचे गाणे ऐकू कसे यावे? साध्या इअरबड्सवर श्रोता नकळत आवाज वाढवत नेतो आणि बाहेरच्या गोंगाटाच्या वर जाऊन थांबतो. हानी होते ती तेथे. चांगले नॉइज कॅन्सलेशन खालच्या पट्टीतील आवाज वीस-तीस डेसिबलनी उतरवू शकते, म्हणून गाणे हळू ठेवूनही पुरते. शक्य असल्यास व्यवस्थित बसणारी आणि गोंगाट कमी करणारी उपकरणे वापरावीत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते ती याच कारणाने. या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ संगीताच्या गोडव्यात नाही. आवाजाची कळ खाली ठेवता येते, यात आहे.

हा लाभ आता काहीसा स्वस्तही झाला आहे. बोट आणि नॉइज यांसारख्या भारतीय कंपन्या दोन-तीन हजार रुपयांत हे तंत्र देऊ करतात. (यांतील दुसरी कंपनी दिल्लीलगतच्या गुरुग्रामची, आणि शांतता विकताना नाव मात्र 'नॉइज' हे गमतीचे आहे.) महागड्या जोड्यांइतकी सफाई त्यांत नाही, परंतु मेट्रोची घरघर कमी करण्याचे मूळ काम त्या बऱ्यापैकी करतात. ॲपलच्या दुसऱ्या पिढीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची मान्यता दिली, तेव्हा वर्तुळ पूर्ण झाले: ज्या वस्तूने कान बिघडतात अशी भीती होती, तीच कानाला आधार देऊ लागली.

निवड

रोजचा प्रवास मेट्रोचा किंवा विमानाचा असेल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर सोनीची जोडी सरस आहे. आयफोन बाळगणाऱ्याने, विशेषतः ज्याला रस्त्यावर चालावे लागते आणि दिवसभर फोनवर बोलावे लागते त्याने, ॲपल घ्यावे. तिसऱ्या पिढीची एका भरणीतील क्षमता आठ तासांची असल्याने सोनीची ती आघाडीही आता उरलेली नाही. अडीच-तीन हजारांतील जोडी योग्य मापाच्या टिपेसह नीट बसत असेल, तर उरलेले बावीस हजार वाचवणाऱ्याला कोणी अरसिक म्हणू नये.

खरेदीपूर्वी आणखी एक हिशेब करावा लागतो. या बोंडांतील लिथियमची बॅटरी अगदी लहान असते, रोज भरली-रिकामी होते आणि काही वर्षांत थकते. ती घरच्या घरी बदलण्याची सोय दोन्ही कंपन्यांनी ठेवलेली नाही, आणि भारतात हमी एक वर्षाची आहे. तीन वर्षे वापर झाला असे धरले, तर ही शांतता दरमहा सातशे रुपयांच्या आसपास पडते. कस्तुरबा गांधी मार्गावर विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या चालकाला दंड झालाच, तर तो पहिल्या वेळी एक हजारांचा.