मंगळवार कुठे हरवला?

राखेच्या बुधवारी आमची चर्च भरून जातात. घाटावरची आणि घाटाखालची कुटुंबे कपाळी राख घेण्यासाठी दूरवरून येतात, याचा आम्हास आनंदच आहे. परंतु त्याच्या आदल्या दिवशीचा मंगळवार कुठे गेला, असे कुणी विचारीत नाही. त्या दिवशी चूल नेहमीसारखी पेटते आणि नेहमीसारखी विझते. उंबरठा नसलेल्या घरासारखा आमचा प्रायश्चित्तकाळ झाला आहे.

या मंगळवाराला अर्थ होता. पूर्वीच्या कडक नियमानुसार उपवासकाळात मांसच नव्हे, तर अनेक देशांत अंडी, दूध, लोणी हेही वर्ज्य असे. घरात असेल ते रांधावे, शेजाऱ्यासह खावे, पापनिवेदन करावे आणि मोकळ्या मनाने उपवासात शिरावे, अशी ही रीत. तिच्यातूनच इंग्लंडात अंड्यादुधाची धिरडी आली आणि गोव्यातील घरांत खोबरे-गूळ भरलेली आलेबेले. कोकणीतील ‘इंत्रुज’ हा शब्दही मुळात ‘प्रवेश’ सांगणाऱ्या लॅटिन शब्दावरून आला आहे.

१९६६ साली परमगुरू सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले. आज बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी असतो. प्रत्येकाने आपली तपश्चर्या समजून-उमजून निवडावी, हा त्यामागील हेतू. आम्ही मात्र सवलत तेवढी उचलली! उपवास आटला आणि उपवासाच्या दारातला सणही त्याच्यासोबत आटला.

आमचे काही उत्साही बंधू म्हणतात, आपणही गोव्यासारखा कार्निव्हल करू. त्यांना आमचा नम्र पण स्पष्ट विरोध आहे. पणजीत ‘किंग मोमो’च्या चित्ररथांची मिरवणूक १९६५ साली सुरू झाली. प्रवाशांना कार्निव्हल म्हणून आज तीच ठाऊक आहे. चांदोरचा मुसळ खेळ किंवा अंगणात रंगणारे लोकांचे खेळ किती जणांस माहीत आहेत? शिवाय विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्या सहा जिल्ह्यांत आमचा बुलढाणा होता. अशा भूमीत उसना थाट शोभेल काय?

दुसरे बंधू म्हणतात, पुरणपोळी, रोडगे, हुरडा हे हिंदूंचे. ख्रिस्ती सणाशी त्याचा काय संबंध? आम्ही विचारतो, ज्वारीला धर्म केव्हापासून आला? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते याच भूमीच्या ओवीत. लोकांच्या चालीरीतींत भ्रामक समजुतींशी जखडलेले नसेल, ते ख्रिस्तसभा आपुलकीने पाहते आणि शक्य तर जपते, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे. मग स्वयंपाकघराच्या दारावरच हा पहारा कशासाठी?

होळी आणि ईस्टर या दोहोंचे गणित चंद्रावर चालते. त्यामुळे होळी जवळजवळ दर वर्षी आमच्या प्रायश्चित्तकाळातच येते; २०२४ साली तर ती झावळ्यांच्या रविवारीच पेटली. आमच्या आजीला हे गणित पंचांगाशिवाय ठाऊक होते. होळीला शेजारीण पोळी घेऊन येणार, त्या वेळी आपला उपवास असणार. म्हणून राखेच्या बुधवाराआधीच्या मंगळवारी आजी पुरण शिजवी आणि आपल्या घरची पोळी, वर तुपाची धार, आधी शेजारी पोहोचवी. त्या दिवसांत हरभरा घाट्यांवर आलेला असे. संध्याकाळी शेतात हुळा भाजला जाई आणि काळी बोटे घेऊन आम्ही घरी येत असू. होळीची पोळी आली, की ती मुलांच्या ताटात पडे. मोठी माणसे शेजारणीला हात जोडीत.

पुरण वाटताना आजी ओव्या म्हणे. त्या आम्ही लिहून घेतल्या नाहीत. आजी गेली, ओव्याही गेल्या. हा दोष दुसऱ्या कुणाचा नव्हे, आमचाच. आज ज्वारीच्या रानांत सोयाबीन उभे आहे, हुरडा पैसे मोजून खावा लागतो, आणि रोडगे गोवऱ्यांच्या आरावर कसे भाजावेत हे सांगणारे हात थोडेच उरले आहेत.

म्हणून वाचकहो, येत्या वर्षी त्या मंगळवारी एवढेच करावे. घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसावे. पदार्थ, त्याचे माप, त्यासोबतची ओवी, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी. चुलीवर त्यातले एक तरी रांधावे आणि पहिला घास शेजारी पाठवावा. दुसऱ्या दिवशी मात्र खरोखर उपवास करावा आणि वाचले ते गरजूस द्यावे. हे दोन्ही केले नाही, तर कपाळावरची राख आम्हास विचारील : ज्याच्या ताटात काही नव्हतेच, त्याने सोडले तरी काय?