सोशिकपणाचा धडा कोणाला?

मगरपट्टा सिटीपासून फुरसुंगीच्या एसपी इन्फोसिटीपर्यंत काचेच्या इमारतींत राबणारे अनेक तरुण हडपसर परिसरातच राहतात. रविवारी ते मिस्साला येतात आणि खिशातला फोन थरथरला की प्रवचन अर्ध्यावर टाकून बाहेर जातात. त्यांच्या तोंडी हल्ली ‘रेझिलियन्स’ हा शब्द वारंवार येतो. त्याला मराठीत सोशिकपणा म्हणा, चिवटपणा म्हणा. कंपनी वर्षाकाठी एखादा तज्ज्ञ बोलावते, तो श्वासाचे दोन व्यायाम शिकवतो, सकारात्मक विचारांची महती सांगतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर तेच काम, तीच मुदत आणि तेवढीच अपुरी माणसे असतात.

श्वासाच्या व्यायामाशी आमचे भांडण नाही. त्यामागे जे गृहीत धरले जाते, त्याच्याशी आहे. ओझे योग्यच आहे, खांदा तेवढा कच्चा आहे, असे ते गृहीतक. ज्याने ओझे लादले त्यानेच खांद्याची परीक्षा घ्यावी, हा कोणता न्याय?

२०२४ च्या मार्चमध्ये केरळमधील २६ वर्षांची एक सनदी लेखापाल अर्न्स्ट अँड यंगच्या पुणे कार्यालयात रुजू झाली आणि २० जुलैला वारली. अवघ्या चार महिन्यांची नोकरी! सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मुलगी रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही कामात बुडालेली असे, असे आईने लिहिले होते. अंत्यविधीला कंपनीतले कोणीही आले नाही, हेही लिहिले होते. कामाच्या ताणामुळे मृत्यू ओढवला हे म्हणणे कंपनीने नाकारले, आणि मृत्यूच्या कारणाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने पाहणी केली तेव्हा दुसरीच गोष्ट उघड झाली. हे कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालू होते, असे खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. सोशिकपणा शिकवायचा कोणाला? त्या मुलीला, की सतरा वर्षे डोळे मिटून बसलेल्या व्यवस्थेला?

त्याच महिन्यात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी चेन्नईतील एका समारंभात असे सुचविले, की ताण पेलण्याचे आंतरिक बळ मुलांना घरातून आणि शिक्षणसंस्थांतून मिळावे, आणि हे बळ ईश्वरभक्तीतून येते. त्या तरुणीला दोष देण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. तो आम्ही मान्य करतो. तथापि ईश्वराचे नाव या प्रकरणात आले असल्यामुळे धर्मगुरूंनी गप्प राहणे बरे नव्हे. प्रार्थनेने बळ मिळते, याची साक्ष आम्ही रोज वेदीवरून देतो. मात्र ते बळ मालकाच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला मांडण्यासाठी दिलेले नसते.

शास्त्र काय सांगते ते पाहावे. निर्गमाच्या पुस्तकात फारो इस्राएल लोकांचा पेंढा बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो, आणि काम पुरे झाले नाही की त्यांना आळशी ठरवतो. माणसे कमी करून उद्दिष्ट कायम ठेवणाऱ्या आजच्या व्यवस्थापनाला हा राजा परका वाटू नये. त्याच पुस्तकात पुढे मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला अधिक चिवट होण्याचा उपदेश करीत नाही. हे काम एकट्याला झेपणारे नाही असे स्पष्ट बजावून तो कामाची वाटणी करायला लावतो. आणि झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलियाला देवदूताने आधी काय दिले? भाकर, पाणी आणि झोप. पुढच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतर आली.

“पूर्वीची माणसे काय कमी राबत होती?” असा प्रश्न आम्हांला विचारला जातो. नव्हती. ज्या शेतांवर आज मगरपट्टा उभा आहे, तिथला शेतकरी पहाटेपासून खपत असे. पण दिवस मावळला की औत सुटे, सुगी सरली की उसंत मिळे. त्याचा थकवा त्याच्या ओळखीचा होता, आणि शेताच्या बांधावरून रात्री अकरा वाजता कोणी त्याला निरोप धाडीत नसे. आठवड्याला ७० तास काम करावे, असे एका नामवंत उद्योगपतींनी २०२३ मध्ये सुचविले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीप्रमुखांची मजल ९० तासांवर गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या मंडळींनी अवश्य वाचावा. आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. रक्तवाहिनीला सकारात्मक विचारांचे व्याख्यान ऐकू येत नाही.

आणि आपले शासन काय करते? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर, तर कारखान्यांतील १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ज्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत, त्याची संमती किती स्वतंत्र असते हे सांगायला कायदेपंडित नको. शिवाय व्यवस्थापकीय पदे मूळ कायद्याने वगळलेलीच आहेत. पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द घातला की तासांचा हिशेब कोण विचारणार? आणि याच इमारतींच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक तर रेझिलियन्सच्या व्याख्यानालाही बोलावला जात नाही.

या महाराष्ट्रात विश्रांती कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क मांडला. मुंबईचा सत्यशोधक आणि रोमचे पोपमहाशय यांचे या एका प्रश्नावर एकमत व्हावे, यात आजच्या मालकवर्गाने काही बोध घ्यावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येकाच्या कामाच्या तासांची खरी नोंद व्हावी आणि ती तपासली जावी. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, तो येथेही मिळावा. त्यासाठीचे खाजगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले, त्यावर गंभीर चर्चा व्हावी. समुपदेशकाला सांगितलेले गुपित वरिष्ठांच्या कानी जाता कामा नये.

धर्मग्रामांकडेही आमचे एक मागणे आहे. खचलेल्या तरुणाला “श्रद्धा कमी पडली” असे कोणीही म्हणू नये. त्याच्यासाठी रोझरी अवश्य म्हणावी आणि त्याला डॉक्टरकडेही न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर लागावा. आणि लेकरू रात्री दोन वाजता घरी येऊन न जेवता झोपत असेल, तर आईवडिलांनी पगाराचा आकडा शेजाऱ्यांना सांगण्याआधी त्याच्या कामाचे तास विचारावेत.

शब्बाथ माणसासाठी आहे, ही प्रभूची शिकवण. कचेरीही माणसासाठीच असली पाहिजे. हे ज्यांना मान्य नाही, त्यांनी सोशिकपणाचे धडे आधी स्वतः गिरवावेत.