दात किती, एवढेच पुरेसे नाही

माणसाला दात किती असे विचारले, तर तुम्ही क्षणात ३२ म्हणाल. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा ही नावेही पाठ असतील. पण वरचे दात खालच्या दातांवर नेमके कसे बसतात, हे सांगता येईल का? बहुतेकांना येणार नाही, आणि त्यात दोष तुमचा नाही. आम्ही शिक्षक मंडळी दात मोजायला शिकवतो. ते जुळतात कसे, हे शिकवत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा जबड्याकडे मी तरफ म्हणूनच पाहणार! वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो. हलतो तो खालचा. त्याचा टेकू म्हणजे कानाच्या अगदी पुढचा सांधा. तेथे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, म्हणजे तो जाणवेल. दात आवळले की गालात जो स्नायू टणक होतो, तो बल लावतो आणि भार असतो दातांवर. टेकू एका टोकाला, मध्ये बल, पलीकडे भार. म्हणजे ही चिमट्यासारखी तिसऱ्या वर्गाची तरफ झाली. समजा, टेकूपासून स्नायू ३ सेंमी., दाढ ५ सेंमी. आणि पटाशीचे दात १० सेंमी. अंतरावर आहेत. स्नायूने ६०० न्यूटन बल लावले, तर दाढेपाशी ३६० न्यूटन मिळेल, पटाशीच्या दातांपाशी १८० च. कडक चिक्की आपण नकळत दाढेखाली सरकवतो, ती उगीच नव्हे.

एवढे बल पेलणाऱ्या दाढा एकमेकींवर नीट बसायला हव्यात. वरच्या दातांची कमान खालच्यापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून डब्याच्या झाकणासारखे वरचे दात खालच्यांना बाहेरून थोडे झाकतात. शिवाय बहुतेक दात समोरच्या दोन दातांवर टेकतात. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच हे. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली या जुळणीची खूण ठरवली. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचा बाहेरचा पुढला उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसला, की दाढांची जुळणी ठीक. खालची दाढ त्याहून मागे असेल तर दुसरा वर्ग, पुढे असेल तर तिसरा. दंतवैद्य आजही हीच भाषा वापरतात.

आणि नेमकी हीच दाढ आपण गमावतो! ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाला कळत नाही. पुढे ती किडली, की दुधाचीच समजून ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. शेवटी ती काढावी लागते. मग मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरची दाढ आधार नसल्याने हळूहळू त्या जागेत उतरते, आणि सगळी जुळणी बिघडते. दुधाची दाढ अकाली काढली तरी घोटाळा होतोच. पहिली कायमची दाढ पुढे सरकते आणि दहाव्या-बाराव्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. पुढे आलेल्या दातांची काळजी मात्र सर्वांना. ते लग्नाच्या बोलणीत दिसतात ना! दाढ कोणाला दिसते?

‘हे दंतवैद्याचे काम, शाळेचे नव्हे’ असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. दंतवैद्याकडे मूल जाते ते दात दुखू लागल्यावर. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात काय नवे आले, हे ओळखणारे कोणीतरी घरातच हवे. ते तुम्ही होऊ शकता. त्यासाठी दंतसूत्र पाठ असण्याची गरज नाही. पुढच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. पडलेल्या दाताची जागाही मोजा. पहिले पाच दुधाचे असोत वा कायमचे, सहावी असते ती हीच दाढ. आधी आरशासमोर गाल बोटाने बाजूला करून स्वतःची पाहा, मग धाकट्या भावंडाची. तिच्या खाचेत काळा डाग दिसला, तर आईवडिलांना त्याच दिवशी दाखवा आणि ही दाढ पुन्हा येणारी नाही, हेही त्यांना सांगा.