बुरुंडीला जाताना

उन्हाळी सुट्टीत पूर्व आफ्रिकेला जाणारी आपली कुटुंबे सहसा केनिया-टांझानियाकडे वळतात. शेजारच्या छोट्या बुरुंडीचाही यंदा विचार व्हावा.

टांगानिका सरोवराकाठचे बुजुम्बुरा आणि डोंगरातील राजधानी गितेगा, एवढा बेत आठवड्याला पुरेसा आहे. जून ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी, हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे, रोख डॉलर जवळ ठेवावेत आणि सुरक्षाविषयक सरकारी सूचना वाचूनच तिकीट काढावे.

गितेगाजवळील गिशोरा येथील ढोलवादन अवश्य पाहावे. या विधिनृत्याला 2014मध्ये युनेस्कोची मान्यता लाभली; 2017च्या फर्मानाने मात्र स्त्रियांना ढोल वाजवण्यास मनाई झाली. मुलांना दोन्ही सांगावे.

1972 आणि 1993 साली येथे हुतू-तुत्सी वैरातून भीषण हत्याकांडे झाली. पुढे 2005च्या संविधानाने राष्ट्रीय सभेत हुतूंना 60 आणि तुत्सींना 40 टक्के प्रतिनिधित्व, स्त्रियांना किमान 30 टक्के जागा, तर उपेक्षित त्वा समाजाला 3 जागा दिल्या. बहुमतापुढे अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे काय, हा बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न या तरतुदींतही दिसतो. तरीही 2015च्या राजकीय संकटात लाखो लोकांना देश सोडावा लागला. संविधानातील हमी राबवणारे हातही लोकशाहीवादी असावे लागतात.

एक पथ्य मात्र पाळावे. ‘आपण हुतू की तुत्सी?’ असे तेथे कोणालाही विचारू नये. आडनावावरून जात शोधणाऱ्या प्रश्नाची बोच आपण जाणतोच.