प्रमाणपत्र आहे, ओळख नाही

जामच्या चौरस्त्यावर सकाळी आठ-साडेआठला उभे राहिले की अर्धा तालुका डोळ्यांपुढून जातो. नागपूरहून हैदराबादकडे निघालेले ट्रक, चंद्रपूरच्या रस्त्याला वळणाऱ्या गाड्या, हिंगणघाटच्या गिरणीत पाळीवर जाणारे कामगार, समुद्रपूरच्या कचेऱ्यांत जाणारे आमच्यासारखे कारकून. आणि चहाच्या टपरीपाशी उभी असलेली पाच-सहा तरुण पोरे. ही पोरे रिकामटेकडी नाहीत, वाचकहो. घराच्या छपरावर सौर पॅनल बसविणाऱ्या एका ठेकेदाराची जीप तिथे येते आणि त्यांना घेऊन जाते. एखादा आला नाही तर दुसरा लगेच फोन लावतो, "अबे, एक माणूस कमी हाय, येतं का?" आणि दहा मिनिटांत कोणाचा तरी चुलतभाऊ हातात डबा घेऊन हजर होतो. त्या चुलतभावाला वायर सोलता येते की नाही, हे कोणी विचारीत नाही. काम तो वर चढल्यावर शिकतो.

त्याच टपरीपासून पायी दहा मिनिटांवर आपल्या वस्तीत एक मुलगी घरी बसून आहे. तिने आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. त्यानंतर सूर्यमित्र नावाचे सरकारी प्रशिक्षण घेतले. केंद्राने २०१५ पासून सुरू केलेले हे शिक्षण सुमारे तीन महिन्यांचे, सहाशे तासांचे असते. इन्व्हर्टर कसा जोडायचा, अर्थिंग कसे द्यायचे, छपराचा उतार आणि दिशा कशी पाहायची, हे सारे तिला येते. मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर तिची आई विहाराच्या पायरीवर आम्हांला भेटली.

"भाऊ, पोरगी शिकली. सर्टिफिकीट भितीले टांगून हाय. आता तिले काम कोन देते, ते सांगा."

आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मनातून लाजही वाटली. पाच वर्षांपूर्वी हीच मुलगी दहावी होऊन सल्ला विचारायला आली, तेव्हा आम्ही तिला शिवणकाम नाहीतर संगणक घे, असे सुचविले होते. वीजतंत्रीच्या वर्गात पोरीचे काय काम, असा विचार आमच्याही डोक्यात होता. सभेत स्त्री-शिक्षणावर अर्धा तास बोलणारे आम्ही! तिने आमचे ऐकले नाही, हे बरे झाले.

तेव्हा प्रायश्चित्त म्हणा की काय म्हणा, आम्ही स्वतः एका ठेकेदाराला फोन केला. माणूस बोलायला गोड. "भाऊ, तुमचा शब्द कसा मोडू? पण बाईमाणसाला छपरावर कसं चढवू? घरमालक काय म्हणंन? ऑफिसात फोन उचलायला ठेवतो पाह्यजे तर." पगार विचारला तर छपरावरच्या पोरांना मिळतो त्याच्या निम्मा. मुलीने नाही म्हटले. तिचे वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. घरात पैसा हवाच आहे, त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

हे दुखणे एकट्या जामचे नाही. जगभर सौर, पवन वगैरे नव्या ऊर्जेच्या कामात बायकांचा वाटा ३२ टक्के असल्याचे आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये सांगितले. तेल आणि वायूच्या धंद्यातल्या २२ टक्क्यांपेक्षा तो बरा. पण आपल्या देशात छपरावरच्या सौर कामातील कर्मचाऱ्यांची पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, तीत बायका होत्या ११ टक्के. शंभरात अकरा! त्यातही छपरावर चढून बसविणीचे काम करणाऱ्या थोड्याच.

आणि काम तर वाढतच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटचा संच बसविला तर ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असा तो हिशेब. एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. शेतात सौर पंप बसत आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या राज्याच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने किमतीच्या फक्त ५ टक्के भरायचे आहेत, बाकीच्यांनी १०. ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पंप पुरविणाऱ्याने पाच वर्षे दुरुस्ती करून द्यायची, अशी अट आहे. म्हणजे गावोगावी पाना-पकड धरणारे हात लागणार. मग ते हात कोणाचे?

आमचे असे मत झाले आहे की आपल्या मुली शिक्षणात मागे राहिलेल्या नाहीत, त्या टपरीवर मागे राहिल्या आहेत. काम कुठे निघाले, कोणता ठेकेदार मजुरी बुडवितो, कोण शिकाऊ पोराला सांभाळून घेतो, ही सारी माहिती टपरीवर फिरते, आणि पोरी टपरीवर उभ्या राहू शकत नाहीत. मुलाला काका असतो, वस्ताद असतो, मित्राचा भाऊ असतो. मुलीला या धंद्यात आधी गेलेली एक ताई लागते. ती नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी आठवा. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या त्या बाईची एका मिशनरी बाईंशी गाठ पडली आणि त्यांच्या मदतीने जाईबाईंना शिक्षिकेचे काम मिळाले. अस्पृश्यतेपायी ती नोकरी टिकली नाही, पण जाईबाईंनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली आणि कितीतरी मुलींना हात दिला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. तिला हजारो बाया आल्या त्या काही वर्तमानपत्र वाचून नव्हे. एकीने दुसरीला घरी जाऊन सांगितले, दुसरीने तिसरीला. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि देशाच्या वीज धोरणाचे काम त्यांच्याकडे आले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत, हे त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. तेव्हा वीज हा आपल्या घरातला परका विषय नव्हे. असो.

आता आपल्याच जिल्ह्यात पाहा. देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) नावाचे गाव आहे. तिथल्या बचत गटांतल्या बायकांनी सहकारी संस्था काढून सौर पॅनलचा कारखाना उभा केला. दोनशेहून अधिक बायका सभासद आहेत. उमेद अभियान आणि जिल्हा प्रशासनाने पाठबळ दिले, तंत्रज्ञान मुंबईच्या आयआयटीने शिकविले. राजस्थानात डुंगरपूरलाही आयआयटीच्याच मदतीने आदिवासी बायकांची सौर पॅनलची कंपनी २०१७ मध्ये सुरू झाली. त्या बायकांनी एकदम पॅनल बनविले नाहीत. आधी शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचे सौर दिवे जोडले. दिव्यावर हात बसला, सोल्डरिंग आले, आणि मग पॅनलकडे वळल्या.

पॅनल कसे बनते ते आम्हीही समजून घेतले. काचेवर प्लास्टिकसारखा पातळ थर, त्यावर पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले सौर घट, वर पुन्हा तोच थर, मागे प्लास्टिकचे आवरण. हे सगळे तापवून दाबले की एकजीव होते. मग चौकट, मागे वायरीची पेटी, आणि शेवटी दिव्याखाली तपासणी. सौर घट पापडासारखा ठिसूळ असतो, दाबला की गेला. ज्या हातांनी जन्मभर पापड लाटले आणि वाळत घातले त्या हातांना तो कसा धरायचा हे सांगावे लागत नसेल, असे आमच्या घरच्या मंडळींचे म्हणणे पडले.

पण आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून पुढचेही सांगतो. माल बनविणे सोपे, विकणे अवघड. सरकारी अनुदानाच्या कामात केंद्राच्या मंजूर यादीतल्या कारखान्याचेच पॅनल चालतात. त्या यादीत जायचे तर तपासण्या, फी, कागदपत्रे. मोठ्या कंपनीला ते जड नाही, बायकांच्या लहान संस्थेला जड आहे. कच्चा माल रोखीने आणि बिल महिन्यांनी, हा तिढा वेगळाच. इथेही ओळखच लागते. ज्या संस्थेने हे आधी निस्तरले तिने नव्या संस्थेला कागद कसा लिहायचा ते दाखवावे लागते.

मराठवाड्यात हे जमले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे बांधताना गावागावांत बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. त्या कामात पुढे असलेल्या प्रेमा गोपालन यांनी स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था उभी केली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या संस्थेने लातूर-उस्मानाबाद भागातल्या (आता धाराशिव म्हणायचे) बायकांना सौर दिवे आणि कमी धुराच्या चुली विकायला, दुरुस्त करायला शिकविले. त्यांना सखी म्हणतात. जुनी सखी नव्या सखीला सोबत घेऊन दारोदार हिंडते, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे सांगते. २०१६ मध्ये या सख्यांच्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा सन्मान मिळाला. परदेशातही शिकल्यासवरल्या इंजिनीअर बायकांना हेच करावे लागते. व्हिएन्नात २०१७ मध्ये अशा ऊर्जेच्या कामातल्या बायकांची एक जागतिक संघटना निघाली. तिच्यात अनुभवी बाईला एकेक नवखी जोडून देतात आणि दोघी फोनवर बोलतात. म्हणजे इंजिनीअर असली तरी ताई लागतेच.

आमच्या मुलीसाठी ताई सापडली ती अशी. कचेरीतल्या सहकाऱ्याची मावसबहीण महावितरणमध्ये तंत्रज्ञ आहे. बीडकडच्या अशाच एका महिला कर्मचाऱ्याची खांबावर चढतानाची चित्रफीत २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिली होती, तसेच हिचे काम. एका रविवारी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आत दोघी दोन तास बोलल्या. परत येताना मुलीने वहीतले वाचून दाखविले, ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवीत नाहीत. सुरक्षा पट्टा स्वतःचा घ्यायचा, ठेकेदाराचा फाटका असतो. कोऱ्या हजेरीवर सही करायची नाही. प्रत्येक कामाचा फोटो आणि तारीख आपल्याजवळ ठेवायची, उद्या दुसऱ्या ठिकाणी अनुभव म्हणून तेच दाखवायचे. शौचाची सोय कुठे आहे हे कामावर जाण्याआधी घरमालकिणीला विचारायचे, लाजायचे नाही. एकटीने जायचे नाही, दोघी मिळून काम घ्यायचे.

"दुसरी कुठून आणू?" मुलीने विचारले. ताई म्हणाली, "तुझ्या वर्गातली नाही का कोणी?" निघाली की! समुद्रपूरकडच्या एका खेड्यातली, तीही घरीच बसलेली. दोघींनी एकमेकींचे नंबर तीन वर्षे जपले होते, पण कामाचे बोलणे कधी केले नव्हते.

आता सुरुवात लहान आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांवर पॅनल आहेत, त्यांची धूळ पुसायची आणि जोडण्या तपासायच्या, असे काम दोघींना लागले आहे. जामला धूळ आणि कापसाचे तंतू यांची कमी नाही, आणि पॅनल मळले की वीज कमी होते. पैसे फार नाहीत. वडिलांची कुरकूर अजून आहे, पण परवा ते शिडी धरायला स्वतः गेले होते.

वस्तीच्या महिला मंडळाने ठरविले आहे की या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कवठ्याला जाऊन ते काम पाहायचे. जामहून वर्धा, तिथून देवळीची गाडी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे खर्चाचा बाऊ नको. नऊ जणींची नावे आली आहेत. ज्यांच्या घरी आयटीआय झालेली किंवा शिकत असलेली मुलगी असेल त्यांनी गुरुवारपर्यंत विहारात नाव द्यावे, म्हणजे संस्थेला आधी पत्र पाठविता येईल. डबा आपापला आणावा.